कात टाकताना मँटिस खाली पडला, पाय अडकलाय, अर्जंट!

तिसरा_माळा
मुलुंडला राहतो. जूनमध्ये सोसायटीतल्या जास्वंदीवर मँटिसचं एक इवलंसं हिरवं पिल्लू सापडलं, लेकीने हट्ट केला म्हणून घरी आणलं, आई बघून म्हणाली अरे हा तर खंडोबाचा किडा, मारू नका हं. तिनेच फरसाणाची रिकामी बरणी दिली, झाकणाला भोकं पाडली. याआधी दोनदा कात टाकली, काही त्रास नाही. या वेळी तीन दिवस काही खाल्लं नाही, आज झाकणाला उलटा लटकला आणि अर्धा बाहेर आला तोच माझ्या डोळ्यांदेखत धप्पकन खाली. दहा मिनिटं झाली. अंग बाहेर आलंय पण मागचा डावा पाय जुन्या कातीतच आहे, आणि पुढचा एक पाय वाकडा दिसतोय. ओढून काढू का??

कुंडीतला_किडा
ओढू नकोस! आत्ता तो मऊ लोण्यासारखा असतो, ओढलास तर पाय तुटून हातात येईल. हे कर: त्याला हात न लावता फक्त रिकामी कात चिमट्याने धर आणि टेपने किंवा टाचणीने वर कुठेतरी अडकव, म्हणजे तो डोकं खाली करून लटकेल. पुढचा पाय लटकत राहिला तर बऱ्याचदा सरळ होतो, तळाशी पडून राहिला तर तसाच वाकडा कडक होतो, काही तासांचाच खेळ आहे. अडकलेल्या पायावर बारीक ब्रशने कोमट पाण्याचा थेंब लाव, थांब, परत लाव. बरणीत एखादा जिवंत किडा टाकला असशील तर आधी काढ, या अवस्थेत रातकिडासुद्धा याला कुरतडून खाईल.

तिसरा_माळा
लटकवलाय. हात थरथरत होते राव. एक झुरळाचं पिल्लू होतं आत, काढलं.

बोरिवली_लोकल
दादा, तो का पडला ते पण बघा, नाहीतर पुढच्या वेळी तेच होणार. बरणीचं झाकण गुळगुळीत, पायाची नखं रुतणार कुठे? आतून मच्छरदाणीची जाळी चिकटवा. बरणी त्याच्या लांबीच्या तिप्पट तरी उंच हवी आणि लटकल्यावर खाली दुप्पट जागा मोकळी, आपण हौसेने आत काड्या आणि पानं कोंबतो ना, त्यालाच आपटतात बिचारे. आणि बरणी एसीच्या खोलीत ठेवता का?

तिसरा_माळा
हो, बेडरूममध्येच, लेकीच्या उशाशी. पण पावसाळ्यात मुंबईत कसला कोरडेपणा?

बोरिवली_लोकल
मुंबई दमट हो, तुमची बेडरूम नाही. एसी हवेतलं पाणीच काढतो, मग कात सुकून अंगाला चिकटते. हॉलमध्ये ठेवा, रोज संध्याकाळी भिंतींवर फवारा, कात टाकत असताना मात्र अंगावर मारू नका.

आरे_वाला
मला विचाराल तर सोडून द्या झाडावर, किडे पाळायचे कशाला.

कुंडीतला_किडा
तत्त्व बरोबर आहे पण आज सोडला तर पहिली साळुंकी येईल तिचा नाश्ता. आधी कडक होऊ दे.

तिसरा_माळा
दोन दिवसांनी अपडेट. पुढचा पाय जवळजवळ सरळ झाला, थोडा बाक आहे. मागचा सुटला नाही, काल रात्री मुळापासून गळून पडला. लेक रडली. आता खाईल का? आणि पाय परत येतो का?

कुंडीतला_किडा
येतो, पुढच्या काती बाकी असतील तर. पाठीवर पंख नुसते कळ्यांसारखे असतील तर अजून पिल्लूच आहे, पुढच्या कातीला छोटा पाय येईल, त्याच्या पुढच्याला जरा मोठा. पूर्ण पंख आले की मग कात नाही, पाय पण नाही. मागच्या पायावाचून शिकार अडत नाही. अजून एक दिवस थांब, मग मीलवर्मचं (पिठातल्या भुंग्याची अळी) डोकं ठेचून चिमट्याने तोंडाशी धर. क्रॉफर्ड मार्केटला पक्ष्यांच्या दुकानांत मिळतात का विचार. घरातली झुरळं देऊ नकोस हं, सोसायटीत औषध मारलं असेल तर विष थेट याच्या पोटात.

तिसरा_माळा
कळ्याच आहेत! आज अर्धा मीलवर्म खाल्ला. पोटाखालचे पट्टे मोजले, सहाच भरले, मादीला तेवढेच असतात ना, म्हणजे आमचा बंड्या ही मादी निघाली, नाव बदलायला लेक तयार नाही. जाळीचा उंच डबा आणलाय. आई बरणी परत मागतेय, धुऊन देऊ?

बोरिवली_लोकल
झुरळ ठेवलेली बरणी??? काकूंना नवीन घेऊन द्या.