मॉरिशसची साखर: पाया कोणी घातला?

खारेपाट:
कोकणातून करारावर मॉरिशसला गेलेल्या मजुरांवर लेख आला की एक वाक्य हटकून असतं: ‘आपल्या माणसांनी ओसाड बेटाचं नंदनवन केलं.’ मला हे पटत नाही. 2 नोव्हेंबर 1834 ला ‘अ‍ॅटलस’ जहाजातून भारतीय मजूर पोर्ट लुईला उतरले, तेव्हा बेटावर गुलामीला शतक उलटलं होतं. 1800 च्या सुमारास दर पाच माणसांत चार गुलाम होते, बहुतेक मादागास्कर आणि मोझांबिककडून आणलेले. रान त्यांनीच तोडलं, शेतांतले काळे दगड त्यांनीच वेचले. 1 फेब्रुवारी 1835 ला गुलामगिरी संपली तेव्हा मालकांना 21 लाख पौंडांवर भरपाई मिळाली. गुलामांना छदाम नाही, वर आणखी काही वर्षं ‘उमेदवारी’च्या, म्हणजे काम शिकण्याच्या, नावाखाली त्याच मळ्यांवर राबणं.

हिशेबनीस:
असहमत. भावना बाजूला ठेवून साखरेचे आकडे बघा. 1825 पर्यंत ब्रिटनमध्ये मॉरिशसच्या साखरेला वेस्ट इंडीजपेक्षा जास्त जकात होती. बेट जगत होतं ते बंदरावर आणि व्यापारावर. जकात समान झाल्यावर ऊस पसरला आणि दहा वर्षांत गुलामगिरी गेली. वर्षाला लाख टनांचा टप्पा ओलांडला तो पुढे, भारतीय मजुरांच्या काळात. गुलामगिरी अमानुष होतीच, पण साखरेचं वैभव तिच्या खात्यावर मांडता येत नाही.

खारेपाट:
बंदरात ओझी कोण वाहत होतं? तेही गुलामच. आणि ती दहा वर्षं तुम्ही एका वाक्यात उरकलीत. त्याच काळात उत्पादन दुपटीहून जास्त झालं, ते गुलामांना उसात जुंपूनच. पुढे भरपाईच्या पैशातून मळेवाल्यांनी कर्जं फेडली, मजूर आणले. म्हणजे भारतीय मजुरांना आणणाऱ्या भांडवलातही गुलामांची किंमत होतीच.

घाटमाथा:
दोघेही टनांत अडकलात. बेट फ्रेंचांकडे असतानाच्या 1723 च्या कायद्यात महिनाभर पळालेल्या गुलामाला शिक्षा काय, तर कान कापायचे आणि खांद्यावर डाग द्यायचा. दुसऱ्यांदा पळाला तर पायाची शीर तोडायची, तिसऱ्यांदा देहदंड. माणसं अशी वागवायची सवय लागलेला मालकवर्ग 1835 नंतरही तोच राहिला. म्हणून तर करारी मजुराचा एक खाडा म्हणजे दोन दिवसांची मजुरी कापायची, आणि 1867 पासून करार संपलेल्या जुन्या मजुरांच्याही खिशात सक्तीचा, फोटो लावलेला ओळखीचा पास. गुलामगिरीने काय घडवलं ते इथे दिसतं.

हिशेबनीस:
पास जाचक होता, मान्य. तरी दोन्ही एका पारड्यात घालू नका. कराराला मुदत होती, मजुरी होती, मजुराचं मूल मालकाच्या मालकीचं नव्हतं. 1870 नंतर मळेवाल्यांनी कडेच्या जमिनी तुकडे पाडून विकल्या, त्या भारतीयांनी साठवलेल्या पैशातून घेतल्या. गुलामाला हे शक्य होतं का?

खारेपाट:
नव्हतं, आणि माझा मुद्दा तोच आहे. मुक्त झालेले बहुतेक लोक मळे सोडून गेले ते जमिनीविना आणि भांडवलाविना. त्यांच्या, आज क्रेओल म्हणवल्या जाणाऱ्या, वंशजांपैकी कितीतरी कुटुंबं आजही मागे आहेत. साखरेच्या खात्यावर नाव घालायचंच तर आधी त्यांचं घाला, मग आपलं.