मदत हवी आहे: जोतिबाच्या यात्रेचं कार्ड लॅपटॉपवर उघडंना

सासनकाठी: मंडळी लवकर सांगा. चैत्र यात्रेचे सगळे फोटो कार्डात हायत, लॅपटॉपला लावलं की नुसतं 'फॉरमॅट करा' म्हणतंय. पाहुण्यांना आज रात्री द्यायचेत.

रानवाट: फॉरमॅट अजिबात दाबू नका. कॅमेऱ्यात फोटो दिसतात का? कार्ड किती जीबीचं? रीडर कुठला?

भवानीमंडप: फोटोरेक टाका, डिलीट झालेले फोटो परत काढायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे. माझं लग्नाचं अख्खं कार्ड त्यानंच परत आलं.

रानवाट: अहो पण डिलीट झालंय असं ते म्हणालेच नाहीत. आणि परत मिळालेल्या फाइली त्याच कार्डावर सेव्ह करायच्या नसतात, तेही सांगत जा.

पंचगंगाकाठ: गुलाल बघा आधी. कार्डाच्या मागच्या सोनेरी पट्ट्यांवर गुलाबी थर बसतोय, सुक्या मऊ कापडानं पुसा, तोंडानं फुंकू नका, थुंकी उडते. गायमुखाकडनं चढला काय? गर्दी कशी होती?

सासनकाठी: पुसलं, तेच. कॅमेऱ्यात सगळं दिसतंय. ६४ जीबी. लॅपटॉप जुना, २००९ चा, त्याच्याच खाचेत घातलं.

रानवाट: हे आधी सांगायचं की राव! ३२ जीबीच्या वरचं कार्ड एसडीएक्ससी प्रकारचं, तेवढे जुने रीडर बरेचदा एसडीएचसी म्हणजे ३२ जीबीपर्यंतचंच कार्ड वाचतात, म्हणून ते फॉरमॅट मागतंय. कार्ड धडधाकट आहे. कॅमेराच केबलनं जोडा, बॅटरी भरून घ्या, आणि कट नको, कॉपी करा.

भवानीमंडप: कटनं काय होतंय? मी कायम कटच करतो.

रानवाट: मधेच केबल हलली तर कुठल्या फाइली गेल्या नि कुठल्या राहिल्या ते शोधत बसा मग. कॉपी, चार-पाच फोटो उघडून बघा, दुसरीकडे अजून एक कॉपी, मगच कॅमेऱ्यातनं फॉरमॅट.

पंचगंगाकाठ: आणि दुसरी कॉपी दुसऱ्या घरात ठेवा भावा. २०१९ च्या महापुरात आमच्या मामांचा कॉम्प्युटर आणि बॅकअपची हार्डडिस्क एकाच कपाटात, दोन्ही चिखलात. पोरांचे बारशापासूनचे फोटो गेले, मामी अजून हळहळते.

भवानीमंडप: म्हणून म्हणतो क्लाउडवर टाका.

पंचगंगाकाठ: ६४ जीबी आमच्या नेटवर चढायला पुढची यात्रा येईल.

सासनकाठी: केबलनं सगळं आलं, लई उपकार! आता पाच जीबीचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर जाईना, जागा हाय तरी.

रानवाट: पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये असणार, त्यात ४ जीबीच्या वरची एक फाइल बसत नाही. त्यातलं आधी काढून ठेवा आणि एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, त्यात मोठी फाइल बसते. पेनड्राइव्ह हां, कार्ड नव्हे.