टेल पिनियनचा नट जास्त आवळला गेला, मागे घेतला तर चालेल का?

कळव्याचा पिकअपवाला:
नमस्कार मंडळी. पहाटे तुर्भ्याच्या मार्केटमधून भाजी भरून कळव्यात आणतो. गाडीच्या टेल पिनियनचे (मागच्या धुऱ्यातल्या मोठ्या दातेरी चाकाला, म्हणजे क्राउनला, फिरवणारा छोटा गिअर) दोन्ही बेअरिंग गेले होते. मित्राच्या शेडमध्ये स्वतःच हाऊसिंग उघडलं. बेअरिंग, ऑइल सील, क्रश स्लीव्ह (दोन बेअरिंगच्या मधली, नट आवळताना दबणारी नळी) नवीन टाकले. क्राउन-पिनियनची जोडी जुनीच. नट आवळताना प्ले (पिनियनचा ढिलेपणा) जातच नव्हता, म्हणून पान्याला पाईप लावून जोर दिला, तर फ्लँज (पिनियनच्या टोकावरची चकती) हाताने फिरेचना. नट पाव फेरा मागे घेतल्यावर मोकळं झालं. मग बॅकलॅश (क्राउन-पिनियनच्या दातांमधली मोकळीक) चार ठिकाणी बघितला: ०.१४, ०.१८, ०.२३, ०.१९ मिलिमीटर. मॅन्युअल ०.१३ ते ०.१८ म्हणतं. चार दिवस धंदा बंद आहे. असंच बांधू का?

वागळे इस्टेटचा फिटर:
दादा, असं बांधू नका, परत उघडावं लागेल. क्रश स्लीव्ह एकदा दबली की परत फुगत नाही. नट मागे घेतला म्हणजे दोन बेअरिंगच्या मधला आधारच गेला. आत्ता हाताला छान वाटेल, पण माल भरून मुंब्रा बायपासचा चढ लागला की पिनियन मागेपुढे सरकेल, दात चुकीच्या जागी घासतील आणि क्राउन कुईं करायला लागेल. नवीन स्लीव्ह आणा. ती स्वस्त आहे, जोडी नाही.

या वेळी क्राउनचा पिंजरा (क्राउन ज्यावर बसतं तो भाग) बाहेर ठेवून फक्त पिनियन बसवा. प्ले संपत आला की नट एका वेळी अगदी थोडा फिरवायचा, फ्लँज दहा-बारा फेरे फिरवून रोलर बसवून घ्यायचे, मग मापायचं. फ्लँजला दोरा गुंडाळून स्प्रिंग काट्याने ओढा. समजा मॅन्युअल नवीन बेअरिंगवर पिनियन फिरवायला २ न्यूटन-मीटर जोर सांगतं आणि फ्लँजचा व्यास १० सेंटीमीटर आहे, तर काट्यावर साधारण ४ किलो दिसायला हवेत. सुरुवातीचा झटका धरू नका, फिरत असताना जो आकडा दिसेल तोच खरा.

बॅकलॅशचं मला जास्त टोचतंय. चार मापांत ०.०९ चा फरक हा पिनियनचा नाही, क्राउन डगमगतंय. ते उतरवून बसायची जागा बोटाने चाचपा. मळ, रंग, बारीक खच (वर उठलेली धातूची कड) असेल तर ऑइल स्टोनने काढा, बोल्ट समोरासमोर आवळा. मगच बाजूचे अॅडजस्टर हातात घ्या: क्राउन पिनियनकडे सरकलं की बॅकलॅश कमी होतो. एक बाजू जितके खाचे सोडाल तितकेच दुसरी आवळा, नाहीतर बाजूच्या बेअरिंगचा ताण बिघडेल.

घणसोलीकर:
वरच्या काकांचं बरोबर आहे. एकच जोडतो: सगळं झाल्यावर दातांना प्रुशियन ब्लू (दात कुठे टेकतात ते दाखवणारा निळा रंग) लावून, क्राउनला हाताने थोडा अडसर देत दोन्ही दिशांना फिरवा. खूण दाताच्या बुडाशी गेली तर पिनियन फार आत, टोकाशी राहिली तर फार बाहेर. बॅकलॅश बरोबर आला तरी मार्किंग चुकू शकतं. आणि ऑइल मॅन्युअलमध्ये असेल त्याच ग्रेडचं भरा, हायपॉइड दातांना (असे तिरके, एकमेकांवर घसरत चालणारे दात) साधं गिअर ऑइल पुरत नाही.

कळव्याचा पिकअपवाला:
काका, काल संध्याकाळी क्राउन उतरवलं. बसायच्या कडेला बोल्टच्या भोकाजवळ खच होता, नखाला लागत होता. तो काढून परत बसवल्यावर माप ०.१४, ०.१५, ०.१६, ०.१५. नवीन स्लीव्ह टाकून, तुमच्या रीतीने माझ्या मॅन्युअलच्या आकड्याला जमवलं, तीन तास गेले. ब्लूची खूण दाताच्या मध्यावर आली आहे, फक्त दाताच्या लांबीत आतल्या बाजूला किंचित झुकलेली. आज रात्री ऑइल भरून आधी रिकामी गाडी घोडबंदर रोडला फिरवतो. आवाज आला तर उद्या इथेच लिहीन.