हक्कसोड पत्र आणि जवळची माणसं
नातं जवळचं असलं की माणूस चूक-बरोबर ठरवताना जास्त समजून घेतो असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. कुणाला समजून घेतो तेही बघा ना. हक्कसोड पत्राचं घ्या, म्हणजे मालमत्तेतला आपला हिस्सा सोडला असं लिहून देतात तो कागद, बहुतेक वेळा बहिणीकडून घेतलेला. भावाने वडिलांच्या जमिनीत हिस्सा घेतला तर तो हक्क, बहिणीने मागितला की लगेच 'माहेर तोडलं', आणि हे म्हणणारी माणसं वाईट नसतात हो, एरवी तिच्यावर जीव टाकणारीच असतात. हिंदू वारसा कायदा कधीच बदललाय, महाराष्ट्रात १९९४ ला, देशभर २००५ ला, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क जन्मानेच आहे, २००५ ला वडील हयात असायची अट नाही.

माझ्या आत्याने अशा पत्रावर सही केली त्या दिवशी मी सोबत होतो. ठेवणीतली साडी नेसून आलेली, मशीनवर अंगठा दोनदा उमटला नाही (शेतात राबून रेषाच झिजल्यात), तर काका रुमालाने तिचा हात पुसून देत होता, खरंच मायेने. बाहेर आल्यावर तिला उसाचा रस पाजला. तुला काय हवंय असं कुणी विचारलं नाही, मीही नाही, आणि ते मला अजून टोचतं. विचारलं असतं तरी नकोच म्हणाली असती कदाचित, पण दिवाळीला माहेरी यायचं तर दुसरं उत्तर होतं कुठे तिच्याकडे?

गेल्या वर्षी काकाला हे बोललो तर बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, 'तिने मागितलं असतं तर दिलं असतं रे.'