नागपूरच्या अंबाझरी तलावावर पक्ष्यांची नियमित नोंद ठेवायची आहे, पद्धत कशी ठरवायची?

रविवारची_दुर्बीण:
आम्ही चार-पाच जण सुट्टीच्या दिवशी सकाळी अंबाझरी तलाव अन् जैवविविधता उद्यानात फिरतो, पक्षी बघतो, फोटो ग्रुपवर टाकतो, विषय संपला. आता वाटून राहिलं की काही वर्षांनी कोणी विचारलं इथली बदकं कमी झाली का, तर छातीठोक सांगता यावं. यादी बरीच मोठी आहे पण तिच्यावरून हे काही कळत नाही. कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) लावायचे का? एक जण तर ड्रोन आणतो म्हणून राहिला.

थापट्या:
ड्रोन विसरा भौ, सगळा थवा उडून जाईल, मग मोजता काय? कॅमेरा ट्रॅप साळिंदर, उदमांजर, रानमांजर असल्या रात्रीच्या गड्यांसाठी बरा, अन् जंगलात लावायचा तर वनखात्याची परवानगी लागते.

यादीतून काय आहे तेवढं कळतं. कमी की जास्त हे पाहिजे असंल तर दर वेळी जागा, वेळ अन् मेहनत तीच ठेवा. काठावरचे तीन-चार पॉइंट पक्के करा, प्रत्येकावर 15 मिनिटं उभं राहा, सकाळी सूर्य पाठीशी येईल असे निवडा नाहीतर सगळी बदकं काळीच दिसतात. एकच थवा दोन पॉइंटवरून दिसतो, म्हणून कोणत्या झाडापासून कोणत्या खडकापर्यंतचं पाणी कोणत्या पॉइंटचं ते आधीच ठरवून घ्या.

ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी टाकायची वेबसाइट) आकड्याच्या जागी एक्स, म्हणजे नुसतं 'दिसला', असं मारू नका. अन् यादी पूर्ण करा, म्हणजे कावळे-साळुंक्याही लिहायच्या. लोक चक्रवाक बदक दिसलं की तेवढं लिहितात अन् वारकरी (कूट) पक्ष्यांचा अख्खा थवा सोडून देतात, याचा मला लई राग येतो. पूर्ण यादीत जो नाही तो त्या वेळी दिसला नाही असं धरता येतं, तुलना त्याच्यावरच उभी राहते.

रविवारची_दुर्बीण:
लांबचं बदक ओळखूच नाही आलं तर?

थापट्या:
'अनोळखी बदक' म्हणून आकडा टाका. अंदाजानं नाव ठोकू नका.

पावसाळी_बेडूक:
वरचं सगळं बरोबर, पण पाण्याची पातळी अन् जलपर्णी किती पसरली तेही लिहा, त्याच पॉइंटवरून दर वेळी एक फोटो काढला तरी चालते. पाणी उतरून चिखल उघडा पडला की तुतवारासारखे चिखलातले पक्षी वाढतात, तलाव भरला की गायब, मग उगाच पक्षी घटले म्हणून बोंब होते.

आणि फक्त हिवाळ्यात जाऊ नका ना! नवरंग पावसाच्या तोंडावर येतो, बेडकांचे आवाज पावसाळ्यातल्या रात्रीच ऐकावे लागतात. फुलपाखरांना ऊन चढल्यावर ठरलेल्या वाटेनं हळू चालायचं, दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर अन् समोर पाच मीटर एवढ्यातलीच मोजायची, लांबचं कितीही सुंदर असो, सोडायचं. घुबडाच्या घरट्याचं लोकेशन मात्र ग्रुपवर टाकू नका, दुसऱ्या दिवशी कॅमेरेवाल्यांची जत्रा भरते.

थापट्या:
जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, 1987 पासून चालू आहे. तुमचे पॉइंट त्याच्या आधी ठरवा, म्हणजे तोच डेटा तिकडंही देता येईल.

रविवारची_दुर्बीण:
येत्या रविवारी पॉइंट ठरवतो अन् नकाशा इथं टाकतो. ड्रोनवाल्याला समजावणं तेवढं बाकी आहे.