स्कॉटलंडात हाताने शिवलेला पारंपरिक किल्ट कुठे घ्यावा?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. माझ्या मुलीचं लग्न सप्टेंबरमध्ये इन्व्हरनेसजवळ आहे. जावई तिथलाच, घराणं मॅकेंझी. जानेवारीत नाशिकला आपल्या पद्धतीने लग्न लागलं तेव्हा व्याही धोतर नेसून, फेटा बांधून मांडवात उभे होते. आठवडाभर सराव करून नेसले होते. आता तिकडच्या लग्नात ह्यांना किल्ट, म्हणजे तिथल्या पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा निऱ्यांचा घागरा, घालायचा आहे. फोटोपुरता नको, त्यांच्या रीतीने, नीट शिवलेला हवा.

आधी चार दिवस एडिनबरा, मग पाच दिवस इन्व्हरनेस असा बेत आहे. कुठल्या दुकानात जावं? तिथे गेल्यावर माप देऊन चार-पाच दिवसांत शिवून मिळेल का? आणि बाहेरच्या माणसाने त्यांच्या घराण्याचं टार्टन, म्हणजे ठरलेल्या रंगांची चौकडी, घातलेलं चालतं का? ज्यांनी घेतलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

लीथवासी
गोदाकाठ ताई, अभिनंदन! पहिलं उत्तर वेळेचं देतो, कारण तिथेच बहुतेकांची फसगत होते. चार दिवसांत मिळणार नाही. हाताने शिवलेला किल्ट एका कारागिराचे तीन-चार दिवस खातो आणि तुमच्या आधी रांग असते. माप दिल्यापासून दोन-अडीच महिने धरा. आता मे चालू आहे, म्हणजे आजच पत्रव्यवहार सुरू केलात तर जमेल.

एडिनबऱ्यात रॉयल माइलवर पावलोपावली किल्ट टांगलेले दिसतील. त्यातले बरेचसे पर्यटकांसाठीचे. पण त्याच रस्त्यावर खरे कारागीरही आहेत. कॅननगेटच्या बाजूला गॉर्डन निकोल्सन आहे. नव्या मुलांना हे काम शिकवणारी अकादमीही त्यांनीच सुरू केली. हाय स्ट्रीटवर जेफ्री टेलर. आमच्या लीथमध्ये, म्हणजे एडिनबऱ्याच्या बंदराच्या भागात, किनलॉक अँडरसन, 1868 पासूनची पेढी. ग्लासगोकडे जाणार असाल तर पेझ्लीला ह्यूस्टन, 1909 पासून एकाच कुटुंबाकडे.

तुमचं लग्न इन्व्हरनेसला आहे, तर माझं मत तिथल्याच दुकानाच्या बाजूने. नेस नदीच्या काठी, हंटली स्ट्रीटवर हायलँड हाउस ऑफ फ्रेझर आहे. शिवणारे कारागीर बघता यावेत म्हणून त्यांनी तिथे छोटं केंद्रही केलेलं आहे. लग्नाआधी काही कमीजास्त करावं लागलं तर दुकान हाताशी राहील. कुठेही जाण्याआधी वेळ मात्र ठरवून घ्या.

सुईदोरा
मी शिवणकाम करते, ठाण्याला. भावाच्या किल्टच्या वेळी दोन दुकानांत तासन् तास बसून पाहिलं, त्यामुळे कपड्याबद्दल लिहिते.

पारंपरिक किल्टला 8 वार कापड लागतं. आपली नऊवारी, त्यांची आठवारी म्हणा. त्यातलं बहुतेक सगळं मागच्या निऱ्यांमध्ये जातं. पुढे दोन सपाट पदर एकावर एक येतात. दुहेरी पन्ह्याचं कापड असेल तर 4 वार घेऊन लांबीत मधोमध कापतात आणि जोडतात. म्हणून दुकानदार 4 वार म्हणाला तर पन्हा विचारा, लगेच नाही म्हणू नका.

कापड शंभर टक्के लोकरीचं, वळदार सुताचं. वजन दुहेरी पन्ह्याच्या वारामागे 13 किंवा 16 औंस. 16 औंसाचा आठवारी किल्ट पावणेदोन-दोन किलो भरतो, आणि त्या वजनामुळेच निऱ्या चालताना सुंदर हलतात व पुन्हा जागेवर बसतात. हलक्या कापडात ते होत नाही. सप्टेंबरमध्ये हायलँड्सला, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागात, 16 औंस गरम होण्याची काळजी नको.

दुकानात गेल्यावर किल्ट उलटा करून बघा. खालची कड दुमडून शिवलेली असू नये. तिथे कापडाचा मूळ काठच हवा, पैठणीचा काठ जसा मागावरच विणलेला असतो तसा. मग निऱ्यांचा वरचा शिवलेला भाग बघा: टाके हाताचे, बारीक, आणि चौकडीची रेघ एका निरीवरून दुसरीवर मोडता कामा नये. आत कमरेशी कॅनव्हासचा आधार असतो, त्यामुळे वर्षानुवर्षं आकार टिकतो.

निऱ्या दोन तऱ्हांनी घालतात. एका पद्धतीत निऱ्या घातल्यावरही मागून पुढच्यासारखीच पूर्ण चौकडी दिसते. दुसरीत प्रत्येक निरीवर एकच उभी रेघ येते. ही लष्करी तऱ्हा. चांगला कारागीर तुम्हाला कोणती हवी हे स्वतःहून विचारतो. मला तर हा प्रश्नच दुकानाची परीक्षा वाटतो. ज्याने फक्त कंबर विचारली आणि पिशवीत भरून दिला, तिथून मी घेणार नाही.

धुकट
सुईदोरा यांच्याशी शंभर टक्के सहमत. तीन वर्षांपूर्वी एडिनबऱ्यात एका दुकानातून साठेक पौंडांना 'अस्सल' म्हणून किल्ट घेतला. घरी आल्यावर लेबल वाचलं तर ॲक्रिलिक. पहिल्या धुण्यातच निऱ्या गेल्या. मला त्या साठ पौंडांपेक्षा याचं वाईट वाटलं की मित्राच्या लग्नात, त्याच्या आजोबांसमोर, मी तो घालून उभा होतो. हातशिलाईचा साधारण 500 पौंडांच्या पुढेच सुरू होतो, कापड आणि कारागिराप्रमाणे बराच वरही जातो.

एवढं बजेट नसेल तर भाड्याने घ्या. तिथले लोकही सर्रास घेतात, त्यात कमीपणा नाही. जाकीट, स्पोरन (कमरेपुढे लटकवायची पिशवी), मोजे, बूट सगळं एकत्र मिळतं आणि कापडही बहुधा खऱ्या लोकरीचं असतं.

गोदाकाठ
किती आपुलकीने लिहिलंत सगळ्यांनी! ह्यांनी आयुष्यभर साधे कपडे घातले. लेकीच्या लग्नासाठी एकदा खर्च करू म्हणतात. शिवूनच घेऊ. पण माप इथून कसं पाठवायचं? आणि मॅकेंझी टार्टनचं कुणी सांगितलं नाही.

सुईदोरा
माप दुसऱ्याने घ्यायचं. घालणारा स्वतः खाली वाकून बघायला लागला की लांबी चुकते. किल्टची कंबर पँटच्या कमरेवर नसते, बेंबीच्या उंचीवर असते. तिथला घेर, मग नितंबांचा सर्वांत मोठा घेर, आणि बेंबीपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत लांबी. बूट न घालता, ताठ उभं राहून. दोन वेगळ्या दिवशी घ्या आणि ताडून बघा. पँटची कंबर कळवलीत तर किल्ट नक्की चुकणार.

लीथवासी
टार्टनबद्दल: कायद्याने बंदी नाही. बाल्मोरल टार्टन तेवढं राजघराण्यापुरतं राखलेलं आहे. तुमच्या बाबतीत तर व्याह्यांनाच विचारा; त्यांच्या संमतीने मॅकेंझी घातलं तर त्यांना आनंदच होईल. संकोच वाटला तर ब्लॅक वॉच नावाचं टार्टन घ्या, ते कुणीही घालतं. मॅकेंझी असंच गडद हिरवं-निळं, वर पांढरी आणि लाल रेघ. त्याच्याही छटा असतात: मॉडर्न गडद, एन्शंट फिकट. जावयाच्या किल्टची छटा नेमकी कोणती ते विचारून घ्या, नाहीतर दोघे शेजारी उभे राहिल्यावर रंग वेगळे दिसतील.

पानगळ
थोडं अवांतर, पण गोदाकाठ यांना आवडेल. मॅकेंझी टार्टन महाराष्ट्राला नवं नाही. 1793 साली मॅकेंझींच्या प्रमुखाने उभी केलेली 78वी हायलँडर्स पलटण 23 सप्टेंबर 1803 रोजी असईच्या लढाईत होती, शिंदे-भोसल्यांच्या विरुद्ध बाजूला. असई आपल्या जालना जिल्ह्यात. पुढे त्याच पलटणीतून सीफोर्थ हायलँडर्स झाले आणि त्यांचं टार्टन मॅकेंझीचंच राहिलं. सव्वादोनशे वर्षांनी तेच कापड नाशिकच्या वधूपित्याच्या अंगावर येणार, हे वाचून मला फार बरं वाटलं.

आणि हा पोशाखच एकेकाळी गुन्हा होता. 1746 च्या कायद्याने हायलँड्समध्ये किल्टवर बंदी आली, ती 1782 पर्यंत टिकली. त्यामुळे जुनी माणसं त्याबद्दल हळवी असतात. व्याह्यांशी बोलताना विचारून बघा.

धुकट
व्यवहाराचं राहिलं. पर्यटकांना विमानतळावर व्हॅट परत मिळायची सोय ब्रिटनमध्ये 2021 पासून बंद आहे. दुकानाने थेट भारतात पाठवलं तर 20 टक्के व्हॅट वगळता येतो, पण मग इथे सीमाशुल्क भरावं लागतं आणि वेळेचा भरवसा नाही. लग्नासाठी तिथेच उचला.

मोज्यात खोचायचा छोटा सुरा, स्कीअन डू, घेतलात तर परतताना चेक-इनच्या बॅगेत टाका. स्पोरन साध्या चामड्याचा घ्या, प्राण्याच्या केसाळ कातड्याचा नको. दिवसाचं लग्न असेल तर अर्गाइल जाकीट पुरे. प्रिन्स चार्ली जाकीट मुळात संध्याकाळचं.

गोदाकाठ
इन्व्हरनेसच्या दुकानाला मेल केला, उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. सुईदोरा, त्यांनी खरंच विचारलं, निऱ्या चौकडीच्या की रेघेच्या! ह्यांनी चौकडीच्या सांगितल्या. व्याह्यांशी फोनवर बोललो. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, मॅकेंझीच घाला, आणि किल्टवरची पिन माझ्या वडिलांची लावा. छटा एन्शंट ठरली.

आता माझं. मी त्या दिवशी पैठणी नेसणार आहे, मोरपंखी. विहीणबाईंनी मॅकेंझीचा लोकरी पट्टा खांद्यावरून घ्यायला सुचवलंय. पदरावर तो कसा घ्यावा?

सुईदोरा
पदर नेहमीसारखा डाव्या खांद्यावर राहू द्या, पट्टा उजव्या खांद्यावरून तिरका घेऊन डाव्या कमरेशी बांधा. पिन पट्ट्याला लावा, पैठणीच्या जरीला नको, धागा ओढला जातो. आणि किल्टची पिनही ह्यांना फक्त वरच्या पदराला लावायला सांगा. दोन्ही पदर एकत्र टाचले की बसताना कापड फाटतं.