ऱ्हाइनच्या काठाने सायकलवर: तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ती (फ्रँकफुर्ट)

बिंगन ते कोब्लेन्झ, नदीकाठाने साधारण ६५ किलोमीटर. दोन्ही काठांवर मिळून चाळीसच्या आसपास किल्ले, गढ्या आणि पडके बुरूज. २००२ मध्ये युनेस्कोने या दरीला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. आपल्यापैकी बहुतेक जण पाहुणे आले की त्यांना बोटीत बसवून ही दरी दाखवून आणतात. पण ती सायकलवरून बघितलेली बरीच मंडळी आपल्यात आहेत, हे यंदा गणपतीच्या जेवणात कळलं, म्हणून हा धागा. कुठल्या काठाने गेलात, कुठे थांबलात, काय मनात राहिलं ते लिहा. सविस्तर लिहा.

सुरुवात मी करते. मे महिन्यात बिंगनहून डाव्या काठाने निघाले. निघतानाच पाण्यात उंदीर-मनोरा दिसतो. हाटो नावाच्या आर्चबिशपने दुष्काळात धान्य दडवलं, भुकेल्या लोकांना कोठारात कोंडून जाळलं आणि मग उंदरांनी त्याला याच मनोऱ्यात गाठून खाल्लं, अशी दंतकथा आहे. पुढे राइनश्टाइन, राइशेनश्टाइन, सोनेक असे साताठ किलोमीटरांत ओळीने तीन किल्ले. गाडीतून जाताना ते झरझर मागे पडतात. सायकलवर मात्र एक किल्ला आधी लांबून दिसतो, वळणाआड जातो, मग थेट डोक्यावर येतो, आणि तो मागे पडेपर्यंत पुढचा दिसायला लागलेला असतो. इतके जवळजवळ किल्ले कशाला बांधले असतील, हा प्रश्न मला पॅडल मारता मारता छळत राहिला.

उत्तर काउबला मिळालं. तिथे नदीच्या मधोमध खडकावर फाल्झग्राफेनश्टाइन उभा आहे, दगडी जहाज नांगरून ठेवावं तसा. १३२७ च्या सुमारास राजा लुडविग बव्हेरियनने इथे मनोरा बांधला तो जकातीसाठी. किनाऱ्यावर काउब गाव, वर गुटेनफेल्स किल्ला, पाण्यात हा, आणि नदीत साखळी. पैसे दिल्याशिवाय नाव पुढे जायची नाही. मी समोरच्या काठावर सायकल उभी करून तासभर बसून होते. त्या दिवसापासून ही दरी मला एखाद्या जुन्या हमरस्त्यासारखी दिसते.

नवीन लोकांसाठी एक सूचना. माइन्झपासून कोब्लेन्झपर्यंत ऱ्हाइनवर एकही पूल नाही. काठ बदलायचा तर फेरीबोट, आणि ती संध्याकाळी लवकर बंद होऊ शकते. वेळ आधी बघून निघा.

जुन्नरकर

ताई, जकातीचं वाचलं आणि राहवलं नाही.

माझं बालपण जुन्नरला गेलं. नाणेघाटाच्या माथ्यावरचा दगडी रांजण आम्हाला शाळेच्या सहलीत दाखवायचे. कल्याण-सोपाऱ्याहून माल घाट चढून यायचा आणि जकातीची नाणी या रांजणात पडायची, असं गुरुजी सांगायचे. घाटाच्या राखणीला जीवधन, आणि जुन्नरच्या वाटेवर चावंड, हडसर, शिवनेरी. तेव्हा किल्ला म्हणजे लढाई एवढंच डोक्यात होतं. वाटेवर बसून वाट राखणारा किल्ला मला खऱ्या अर्थाने समजला तो सांक्ट गोआरला, राइनफेल्सच्या भिंतीखाली सायकल ढकलत चढताना.

हा किल्ला १२४५ मध्ये काट्झेनेलनबोगनच्या सरदाराने बांधायला घेतला आणि नदीवरची जकात वाढवली. दहा वर्षांत ऱ्हाइनकाठच्या व्यापारी शहरांनी एकजूट करून त्याला वेढा घातला. वर्षभराहून अधिक काळ वेढा चालला, किल्ला पडला नाही. १६९२ मध्ये फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या फौजेलाही तो मिळाला नाही. शेवटी १७९७ मध्ये फ्रेंचांनी सुरुंग लावून उडवला. आज जे उरलं आहे तेही प्रचंड आहे. टॉर्च घेऊन जा, आतले भुयारी मार्ग वाकून फिरावे लागतात. मी दोन तास ठरवून गेलो होतो, चार तास लागले आणि परतीची आगगाडी चुकली. त्याचं मला अजिबात वाईट वाटलं नाही.

घाटवेडा

मी काठाकाठाने कमी आणि वर जास्त जातो. माझा लाडका चढ बाखाराखचा. गावातून श्टेगच्या ओढ्याकडेने आत शिरायचं आणि राइनबोलेनपर्यंत चढत राहायचं. तीनशे मीटरांहून अधिक चढ, पण कुठेही अंगावर येत नाही. एका गिअरमध्ये श्वास लागला की झाडीतून तसंच जात राहता येतं. वर पोचलात की सगळं बदलतं. सपाट माळ, गव्हाची शेतं, पवनचक्क्या. नदी दिसत नाही आणि किल्लाही दिसत नाही!

सह्याद्रीत आपण गड डोंगराच्या माथ्यावर शोधतो. इथे बरेच किल्ले माथ्यावर नाहीत, उतारावर पुढे आलेल्या नाकाडावर आहेत. नदीवर नजर हवी ना, मग माथा काय कामाचा? मागच्या बाजूला पठार किल्ल्यापेक्षा उंच असतं, म्हणून तिकडून खडक तोडून खोल खंदक काढलेला असतो. तोफा आल्यावर हीच बाजू घातक ठरली. बाखाराखच्या डोक्यावरचा श्टालेक १६८९ मध्ये फ्रेंचांनी उडवला तेव्हा या भागातले किती तरी किल्ले असेच गेले. श्टालेक विसाव्या शतकात पुन्हा उभा केला, आता तिथे यूथ हॉस्टेल आहे. मी राहिलोय. रात्रभर दोन्ही काठांवरून मालगाड्या धडधडत जातात, झोपेचं मात्र सांभाळा.

उतरताना एकदा पाटीच्या दगडाची कपची टायरमध्ये घुसली. ट्यूब होती, पंप नव्हता. द्राक्षमळ्यात काम करणाऱ्या एका आजोबांनी काम सोडून घरून पंप आणून दिला आणि हवा भरून होईपर्यंत माझी सायकल धरून उभे राहिले. नावही विचारायचं राहिलं, ती रुखरुख आहे.

सांगलीकर

मी नदीकाठचा माणूस, त्यामुळे माझं लक्ष किल्ल्यांआधी पाण्याकडे गेलं. या गावांमधून जाताना घरांच्या भिंतींवर रेघा दिसतात, शेजारी वर्ष कोरलेलं. १७८४, १८८२, १९९३, १९९५. पुराची पातळी. एका रेघेपाशी मी उभा राहिलो तर ती माझ्या डोक्याच्या बरीच वर होती. आमच्या गल्लीत २००५ आणि २०१९ च्या खुणा अशाच आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. मी इथे, आईवडील तिकडे, आणि दर तासाला फोनवर एकच प्रश्न: पाणी किती फुटांवर?

आयर्विनच्या आकड्यावर सांगली जगते, तसं ऱ्हाइनवरचं नावाडी जग काउबच्या आकड्यावर चालतं. नदीतला हा सर्वांत अडचणीचा उथळ पट्टा, त्यामुळे इथलं पाणी बघून बार्जमध्ये किती माल भरायचा ते ठरतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये हा आकडा २५ सेंटिमीटरवर आला होता. ती नदीची खोली नव्हे, मोजपट्टीवरचं वाचन. पात्रात त्याहून मीटरभर जास्त पाणी असतं. तरी बार्ज अर्धवट भरून जात होत्या. २०२२ च्या ऑगस्टमध्ये मी सायकल घेऊन बिंगनला गेलो तेव्हा उंदीर-मनोऱ्यापर्यंत लोक कोरड्या खडकांवरून चालत गेले होते. मीही गेलो. ऱ्हाइनच्या पात्रात कोरड्या बुटांनी उभं राहताना पोटात कालवलं. आमच्याकडे नदी घरात शिरते म्हणून रडतो, आणि इथे ती निघून चालली होती.

वडील आता सकाळी चहाबरोबर दोन्ही आकडे बघतात.

रत्नागिरीची आजी

मी मुलाकडे तीन महिने आले होते. वय ६३, निवृत्त शिक्षिका. सून म्हणाली, “आई, बॅटरीची सायकल आहे, जमेल तुम्हाला.” पंचवीस वर्षांनी सायकलवर बसले. पहिला दिवस फक्त बोपार्डपर्यंत, दुसऱ्या दिवशी फेरीने पलीकडे जाऊन ब्राउबाख.

ब्राउबाखचा मार्क्सबुर्ग या दरीतला कधीच उद्ध्वस्त न झालेला किल्ला. आतून बघायचा तर त्यांच्या माणसाबरोबरच फिरावं लागतं. मला तिथलं स्वयंपाकघर फार आवडलं. केवढी ती चूल! तिथेच मी जास्त वेळ रेंगाळले, आमची वाटाड्या मुलगी शांतपणे थांबली.

पण मला सांगायचंय ते द्राक्षमळ्यांबद्दल. उभ्या कड्यासारख्या उतारावर पाटीच्या दगडाचे कोरडे बांध रचून द्राक्षं लावलेली. चुना नाही, सिमेंट नाही. आमच्याकडे जांभ्याचे गडगे रचतात तसेच. तो काळा दगड दिवसभर ऊन पितो आणि रात्री वेलींना ऊब देतो, असं मुलाने समजावलं. अनेक ठिकाणी मात्र बांध ढासळलेत आणि झुडपं माजलीत, कारण त्या चढावर यंत्र चालत नाही आणि हातांनी करणारी माणसं उरली नाहीत. आमच्या वरच्या वाडीतली भाताची कुणगी अशीच ओस पडली. किल्ल्यांच्या दुरुस्तीला पैसा मिळतो, तसा या बांधांनाही मिळायला हवा. तेही कुणीतरी हातांनीच उभे केलेत.

दोन चाकं आणि एक ट्रेलर

आम्ही जूनच्या शेवटच्या रविवारी गेलो होतो. त्या दिवशी दोन्ही काठांचे हमरस्ते मोटारींना बंद होते आणि सगळी दरी सायकलींची झाली होती. एरवी काही ठिकाणी गाड्या अगदी शेजारून जातात, त्यामुळे लहान मुलं असतील तर असा दिवस असेल तेव्हा सोडू नका. गर्दी होते, फेरीबोटीला रांग लागते. पाणी आणि टोपी हवीच.

आमचा मुलगा पाच वर्षांचा. लोरेलायचा १३२ मीटर उंच कडा दाखवला, त्यावरच्या गाणाऱ्या परीची गोष्ट सांगितली, त्याला काही विशेष वाटलं नाही. काउबचा किल्ला बघून मात्र ट्रेलरमधून उठून उभाच राहिला. हे जहाज कुठे चाललंय, असं विचारू लागला. नीट बघितलं तर टोकदार बाजू उगमाकडे आहे, हिवाळ्यात वाहत येणारा बर्फ फोडायला तशी केलेली. म्हटलं, वरच्या दिशेला. “मग आपल्या घरी येतंय!” आम्ही माइन्झला राहतो, दिशा बरोबर होती. परतीच्या गाडीत झोपेपर्यंत तो खिडकीतून नदीकडे बघत होता, आलं का म्हणून.